उपवासाची प्लेट

"मला 'नाही' म्हणू देणार नसाल, तर माझं 'हो' मागायला कशाला येता?" असं अनसूया पागनीस एकदा म्हणाली होती. दिरांच्या बैठकीत, चहाचा कप खाली ठेवून. तिथे बसलेल्यांनी ते वाक्य उद्धट सुनेचं म्हणून संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचवलं. आमच्या गावात बाईचं वाक्य असंच फिरतं. अर्थ वाटेत गळून पडतो, आवाज तेवढा पोचतो.

उज्जैनच्या मराठी माणसांत दोन जाती आहेत आणि त्या जनगणनेत येत नाहीत. पहिली, ज्यांचे पूर्वज दरबारात कुठल्या तरी कामावर होते आणि ज्यांची मान अजून त्या कामावरून उतरलेली नाही. दुसरी, ज्यांच्या वडिलांची इथे बदली झाली आणि मग कुणाला ते आठवलेच नाहीत. पहिले दुसऱ्यांना 'बदलीवाले' म्हणतात. अनसूया बदलीवाल्यांची. वडील बँकेत, अकोल्याहून आलेले. लग्न मात्र झालं ते पागनीसांत. त्यांच्या घराण्यात कधी काळी कुणी घोड्यांच्या पागेवर होतं. घोडे गेले, पागा गेली, टाच मारायची सवय राहिली.

माधव नगरातल्या त्यांच्या घरात ती सून म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी पातेल्याला 'गंज' म्हणाली.

"गंज?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे गंज लोखंडाला चढतो गं."

या सासूबाईंना सगळं गाव माई म्हणतं. माई शाळेत गणित शिकवायच्या. जीभ धारदार होती, पण हिशेब सरळ होता. नवी सून एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, हे त्यांनी पहिल्या महिन्यात कुणाला सांगितलं नाही आणि दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांना सांगितलं.

अनसूयेने आयुष्यभर एकच काम केलं. जखम पिकली, फोड आला, घसा लाल झाला की घरोघरी बायका जे काही कुटतात, उकळतात, चोपडतात, ते खरोखर जंतूंवर चालतं का, हे तिने तपासलं. भैरवगढचे छिपे, म्हणजे कापडावर ठसे उठवणारे रंगारी, बोट कापलं की डाळिंबाच्या सालीच्या रंगपाण्यात बुडवतात, म्हणून ती तिथे गेली. कुणी बाभळीची साल लावतं, कुणी कडुलिंब, कुणी पिकल्या फोडावर गरम कांदा बांधतं. ती जायची, बसायची, बायका जसं करतात तसं त्यांच्याच चुलीवर करवून घ्यायची आणि बाटलीत भरून आणायची. मग प्रयोगशाळेत पुवातले जंतू काचेच्या प्लेटमधल्या घट्ट खळीवर पसरायची, मधोमध छोटं भोक पाडून त्यात ते औषध ओतायची आणि रात्रभर ऊब द्यायची. औषधाला जोर असला तर भोकाभोवती स्वच्छ गोल दिसतो. जोर नसला तर जंतू काठापर्यंत येऊन बसतात, दुधावरच्या सायीसारखे.

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, शेजारी आणखी एक प्लेट, कंट्रोलची. तिच्यात सगळं तेच, तीच ऊब, तेच जंतू, तेच पाणी, फक्त औषध नाही. कॉलेजातली मुलं तिला 'मैडम की उपवास वाली प्लेट' म्हणायची. अनसूयेला ते नाव आवडायचं. "उपवास केल्याशिवाय जेवणाची चव कशी कळेल?" ती म्हणायची. औषधाच्या प्लेटमध्ये जे दिसलं ते उपवासाच्या प्लेटमध्येही दिसलं, तर ते औषधाचं श्रेय नाही. इतकं सोपं आहे हे. पाचवीतल्या पोराला कळतं. शाल पांघरलेल्या माणसाला कळत नाही.

तिच्या विभागाचे प्रमुख डॉ. नागर. ते वर्षानुवर्षं दारातूनच विचारायचे, "मैडम, ये घास-फूस प्लेट में क्यों डाल रही हैं? गाय को डालिए, दूध तो देगी."

"सर, गाय पण कंट्रोलशिवाय नाही ठेवत मी," ती म्हणायची. ते हसून निघून जायचे. तिला उपकरणं मिळाली नाहीत, मदतनीस मिळाला नाही. पुवाचे नमुने आणायला ती स्वतः इस्पितळाच्या दारात उभी राहायची.

उत्तरं बहुतेक 'नाही' अशीच यायची. गरम कांदा, नाही. अमुक पानांचा रस, नाही. डाळिंबाची साल, थोडं. हिरडा, थोडं, ताजा असेल तर. जे 'थोडं' आलं ते तिने 'थोडं' म्हणून लिहिलं आणि जे 'नाही' आलं ते 'नाही' म्हणून. त्यामुळे ती कुणाचीच झाली नाही. झाडपाल्याला हसणारे तिच्यावर हसले आणि झाडपाल्याची आरती करणारे तिच्यावर चिडले. या दोन्ही पक्षांत एक साम्य असतं, प्लेट दोघांनाही बघायची नसते.

मग आला दरबारी काढा.

हे पागनीसांच्या घरचं औषध. हिरडा, सुका आवळा, बाभळीची साल, डाळिंबाची साल, सगळं पाण्यात आटेपर्यंत उकळायचं आणि त्याच पातेल्यात रात्रभर मुरू द्यायचं. पूर्वी दरबारातल्या कुणा वैद्याने दिलं, अशी कथा. जखमेवर लावायचं, घसा धरला तर गुळण्या करायच्या आणि पोट बिघडलं तर वाटीभर प्यायचं. काढा माईच करायच्या. सकाळी गल्लीतली माणसं पेला घेऊन यायची. प्यायल्यावर काहींना उलटी व्हायची. मग माई पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "होऊ दे बाळा. घाण निघते आहे."

अनसूयेने तो काढा तपासायचं टाळलं होतं. घरचं देव्हाऱ्यातलं तपासू नये, एवढा व्यवहार बदलीवाल्यांनाही कळतो. पण गेल्या वर्षी चुलत दीर भय्यासाहेब घरी आले. भय्यासाहेबांनी 'पागनीस आरोग्य न्यास' काढला होता. सिंहस्थ तोंडावर आहे, गावभर रस्ते खणून ठेवलेत, जो तो येणाऱ्या गर्दीला काही ना काही द्यायच्या तयारीत आहे. भय्यासाहेबांना काढा द्यायचा होता.

"तू टेस्ट करून दे, अनसूया," ते म्हणाले. "घराण्याचं नाव होईल. तुझं पण होईल ना. इतकी वर्षं काय गवत उपटत होतीस? आता काही तरी उगवू दे."

तिने काढा प्लेटमध्ये ओतला. सकाळी झाकण उघडलं तर भोकाभोवती एवढा मोठा स्वच्छ गोल, की तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जंतू काठाला जाऊन थरथरत उभे असावेत तसे. तिच्या सगळ्या कारकिर्दीत झाडपाल्याने असं केलं नव्हतं. ज्या बाईला जन्मभर 'थोडं' आणि 'नाही' एवढंच मिळालं, तिला अखेर 'हो' मिळालं होतं, आणि तेही स्वतःच्या घरात. नागर दारातून आत आले. पहिल्यांदाच आत आले. "वाह मैडम! सासू माँ का आशीर्वाद!"

ती हसली नाही. तिने तोच काढा, तीच झाडं, तीच मापं घेऊन प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात केला. गोल जवळजवळ नाही. हिरड्याची असते तेवढी एक फिकट कडा.

घरी सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, हातगुण. माईंचा हात. सुधाकर, तिचा नवरा, वीज मंडळातून निवृत्त झालेला आणि वादापासून जन्मतः निवृत्त असलेला, तोही म्हणाला, "अगं, काही गोष्टी असतात. आईच्या हातची आमटी तुला जमली का?"

हातगुण! हा शब्द आमच्यात किती माणसं मारून बसला असेल. जिथे विचारायचं तिथे आम्ही नमस्कार करतो.

अनसूया स्वयंपाकघरात गेली. कट्ट्यावर माईंचं काढ्याचं पातेलं पालथं घातलेलं होतं. तांब्याचं, जड, पागनीसांच्या जुन्या भांड्यांपैकी. तिने ते उलटं करून खिडकीशी धरलं. आतून लालबुंद. माई ते रोज चिंचेने घासायच्या. पातेलं चमकलं की त्यांना समाधान वाटायचं.

"माई, याला कल्हई कधी केली होती?"

माई भाजी निवडत होत्या. "कल्हई? अगं, आता कोण करतं? नन्हे खाँ होता तेव्हा दर दिवाळीला दारात भट्टी लावायचा. आतून चांदीसारखं पांढरं करून द्यायचा. तो गेला, त्याची पोरं इंदूरला मोबाईल विकतात. उडाली हळूहळू. बरंच झालं, बघ कसं छान लाल दिसतं."

"माई, यात ताक ठेवाल?"

"खुळी की काय? कळकेल ना!"

आणि मग माई थांबल्या. भाजीची जुडी हातात तशीच.

मराठी घरात जन्मलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट ठेवायचं नाही, ते कळकतं, तोंडात ठेववत नाही, पोटात गेलं तर ओकून काढतं. ताक ठेवत नाहीत, आमटी ठेवत नाहीत. सून चुकून ठेवायला गेली तर हातातून भांडं ओढून घेतात. पण काढा ठेवला. आवळा-हिरड्याचा आंबट-तुरट काढा, उकळून, रात्रभर. कारण काढा मुळातच वाईट लागायचा असतो. औषध म्हणून कळकलं, ते चाललं. जी जीभ ताकाचा एक घोट ओळखते, तीच जीभ औषधापुढे मुकाट झाली. नन्हे खाँ मेला त्या वर्षी दरबारी काढा बदलला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट औषध 'लागू पडायला' लागलं. उलट्याही तेव्हापासूनच्या.

अनसूयेने पडताळा घेतला. त्याच पातेल्यात झाडपाला न घालता नुसतं चिंचेचं पाणी उकळून रात्रभर ठेवलं. प्लेटमध्ये तोच मोठा गोल. तेच चिंचेचं पाणी काचेच्या भांड्यात केलं, तर गोल नाही. मग एका लग्नाच्या स्वयंपाक्याकडून कल्हईचं पातेलं मागून आणलं आणि त्यात माईंकडूनच, माईंच्याच हातांनी, काढा करवून घेतला. फिकट कडा. हात तोच होता, गुण पातेल्याचा होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने काढ्यातलं तांबं मोजून दिलं. पिण्याच्या पाण्यात जेवढं चालतं, त्याच्या कितीतरी वर.

तिने दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून फोटो काढला. डावीकडे काढा, उजवीकडे उपवास, म्हणजे त्याच पातेल्यातलं नुसतं चिंचेचं पाणी. दोन गोल, सारखेच. अहवालात सरळ लिहिलं: परिणाम तांब्याचा आहे, वनस्पतींचा नगण्य, हा काढा पोटात देऊ नये.

माईंना तिने अहवाल वाचून दाखवला. "म्हणजे मी लोकांना इतकी वर्षं भांड्याचा कळक पाजला," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी काढा केला नाही आणि सुनेशी कामापुरतंच बोलल्या. अनसूयेने ते सोसलं. गणिताच्या बाईला चुकलेलं उत्तर खोडायला वेळ लागतोच.

भय्यासाहेबांना वेळही लागला नाही आणि लाजही वाटली नाही. अहवाल हातात होता, तरी त्यांनी देवास गेटला, बस स्टँडच्या तोंडाशी, न्यासाचा मंडप टाकला. हळद-कुंकू लावलेली नवी कोरी तांब्याची पातेली, लख्ख, आतून बाहेरून बिनकल्हईची. जुन्या पातेल्यात निदान कुठे तरी कल्हईचा एखादा ठिपका उरला असेल. इथे तोही नव्हता. 'प्राचीन दरबारी काढा. निःशुल्क.' उन्हातून बसमधून उतरलेली माणसं, गाठोडी घेतलेली, रांगेत उभी. फुकट मिळतंय आणि वर प्राचीन!

अनसूया कॉलेजातून येताना तिथे उतरली. मंडपामागच्या भिंतीशी एक बाई उकिडवी बसून ओकत होती. आगरकडच्या कुठल्या तरी गावची असावी, लुगड्याचा पदर तोंडाशी. न्यासाची टोपी घातलेला एक स्वयंसेवक तिच्यापाशी वाकून सांगत होता, "माताजी, घबराओ मत. ज़हर निकल रहा है."

"ज़हर निकल नहीं रहा, आप पिला रहे हैं," अनसूया म्हणाली.

"आप कौन?"

"जिचं नाव तुमच्या त्या बोर्डावर आहे ना, ती." त्याने वळून बोर्ड पाहिला. बोर्डावर खरंच तिचं नाव होतं. 'वैज्ञानिक परीक्षण: डॉ. अनसूया पागनीस.' त्याखाली, 'वैज्ञानिक सल्लागार: डॉ. नागर.' घास-फूसवाले नागर!

ती बाई तोंड पुसून उठली आणि अनसूयेला म्हणाली, "मैडम, अच्छी दवाई है. सब साफ कर देती है." तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि चेहऱ्यावर कृतज्ञता होती. ती कृतज्ञता बघवत नाही. लुटलेल्या माणसाने लुटणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, तसं होतं ते.

अनसूयेने तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन बसवलं आणि तशीच भय्यासाहेबांकडे गेली. बैठकीत न्यासाची मंडळी होती. पोहे, शेव, चहा.

"ये, ये. तुझीच बात चालली होती," भय्यासाहेब म्हणाले.

"मंडप बंद करा, भय्यासाहेब. आजच. माणसं ओकताहेत तिथे."

"अगं, तांब्याचं पाणी तर लोक रोज सकाळी पितात. डॉक्टर सांगतात. शुद्ध धातू आहे तो."

"साधं पाणी पितात. ताक ठेवतात का? वहिनींना विचारा."

आतल्या दारात भय्यासाहेबांच्या पत्नी कल्पनाताई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन पुन्हा आत गेल्या. ताकाचं उत्तर त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"बघ अनसूया," भय्यासाहेबांनी आवाज उतरवला, "तू हुशार आहेस, मी मानतो. पण हर बात में नुक्स! काढ्याने जंतू मरतात की नाही? मरतात. तूच दाखवलंस. मग कशाने मरतात, त्याची पब्लिकला काय पडली आहे?"

"तांब्याने मरतात. माणसाचंही काही बरं होत नाही त्याने. मी 'नाही' लिहून दिलंय तुम्हाला."

"ते 'नाही' आम्ही सांभाळून घेऊ. तू फक्त 'हो' म्हण."

तेव्हा तिने कप खाली ठेवला आणि ते वाक्य बोलली, जे मी सुरुवातीला सांगितलं.

नागर तिथेच होते. घसा साफ करत म्हणाले, "मैडम, विज्ञान को थोड़ा विनम्र होना चाहिए." आयुष्यभर जे गाईला घालायला सांगितलं, त्याच्यापुढे विनम्र! भय्यासाहेबांनी मात्र हात जोडले. ते मुरलेले होते. घोडा बिथरला की लगाम सैल सोडायचा, हे रक्तात असावं. "ठीक आहे. मंडप उचलतो. रविवारी मराठी मंडळाच्या सभागृहात तुझा आणि माईंचा सत्कार ठेवलाय. सगळे येतील. तू स्वतः माइकवरून सांग, काय द्यायचं, काय नाही द्यायचं. आता तर खुश?"

"सगळं सांगेन. प्लेटांसकट."

"प्लेटांसकट सांग ना, बाई."

तिने विश्वास ठेवला. हा तिचा भाबडेपणा नव्हता. दुसरा रस्ताच नव्हता. न्यासाला थांबवायला तिच्याकडे कागद होता, आणि कागद त्यांनी वाचून बाजूला ठेवला होता. उरला होता तिचा आवाज आणि समोर बसणारी माणसं. सिंहस्थाला घाटाघाटावर पातेली मांडायची न्यासाची तयारी होती. रविवारी मंडळाच्या लोकांनी ऐकलं असतं, तर ती पातेली भरायला हात मिळाले नसते. तिने दोन ओळींचं भाषण तयार केलं. सुधाकरने ते वाचलं. "जरा गोड सुरुवात कर," तो म्हणाला. तिने केली नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. पैठण्या, अत्तर, मागच्या बाजूला बटाटेवड्यांचा वास. माईंना पहिल्या रांगेतून हात धरून मंचावर नेलं. अनसूयेला शेजारी बसवलं. समोर टेबलावर लाल कापड आणि त्यावर माईंचं पातेलं. 'मूळ पातेलं' म्हणून भय्यासाहेबांनी ते आदल्या संध्याकाळीच घरून नेलं होतं, आणि सुधाकरने नेहमीप्रमाणे 'बरं' म्हटलं होतं. पातेलं भरलेलं होतं. रात्रीच कुणाकडून तरी उकळून घेतलेला काढा, वर झाकण, झाकणावर झेंडूचं फूल. शेजारी चांदीच्या वाट्या.

अनसूयेने मागे वळून पाहिलं. भिंतभर फ्लेक्स. त्यावर तिचा फोटो, माईंचा फोटो आणि मधे प्लेट. एकच प्लेट. डावीकडची. तिने काढलेला फोटो उजव्या कडेपाशी कापला होता. कात्री इतकी घाईने चालली होती की दुसऱ्या प्लेटची एक पातळ कड चंद्रकोरीसारखी राहून गेली होती. पापणी कापलेल्या डोळ्यासारखा तो एकटा गोल सभागृहाकडे बघत होता, आणि सभागृह त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं.

"फोटो किसने काटा?" तिने शेजारी बसलेल्या नागरांना विचारलं.

"मैडम, डिज़ाइन में एक ही अच्छा लग रहा था. सिमेट्री."

भाषणं झाली. दरबाराचा वैद्य झाला, पूर्वज झाले, पश्चिमेने आमच्याकडून काय काय चोरलं ते झालं. निवेदन करणारी सायली, मंडळातलीच उत्साही मुलगी, माइकवर म्हणाली, "वेळेअभावी डॉक्टर अनसूयाताई दोन शब्द बोलणार नाहीत. त्यांचं काम तर फ्लेक्सवरच बोलतंय ना!" हशा आणि टाळ्या. अनसूया उठायला गेली तर तिच्या खांद्यावर शाल पडली. शाल मोठी जड होती. तिने माइककडे हात केला तर त्या हातात श्रीफळ आलं. अशी गळचेपी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही, जिच्यात प्रत्येक बोट सोनचाफ्याचं असतं.

भय्यासाहेब माइक स्वतःकडे ओढून म्हणाले, "आणि आता माई आपल्या हाताने, त्याच हाताने, ज्याचा गुण सगळ्या उज्जैनने पाहिला आहे, पहिली वाटी प्रमुख पाहुण्यांना देतील. आणि मग आपणा सर्वांना. सिंहस्थात घाटावर हीच वाटी लाखो लोकांच्या हातात असेल!"

माईंच्या हातात पळी दिली गेली. झाकण उघडलं गेलं. काढ्याचा तुरट, कळकट वास पहिल्या रांगेपर्यंत आला. प्रमुख पाहुण्यांनी प्रसादाला धरतात तशी दोन्ही हातांत वाटी धरली. पुढच्या रांगेत कल्पनाताईंनी नाकाला पदर लावला आणि लगेच काढलाही.

माईंनी पळी बुडवली. पळीतलं काळसर, हिरवट पाणी त्या बराच वेळ बघत राहिल्या, पूर्वी वर्गात चुकलेलं गणित बघायच्या तसं. पळी पाहुण्यांच्या वाटीवर आली आणि तिथेच थांबली. मग माई सुनेकडे वळल्या. किती तरी दिवसांनी त्यांनी तिला कामापलीकडचं काही विचारलं.

"अनसूया, देऊ का गं?"

माइक जवळच होता. प्रश्न सभागृहभर गेला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. भय्यासाहेब हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "द्या ना माई, तिला काय विचारता?" ते म्हणाले. सायलीने घाईघाईने माइक अनसूयेसमोर धरला. आता हो म्हणायला तिच्याकडे वेळ होता, माइक होता, सगळं होतं.

अनसूयेने माईंच्या हातातली पळी अलगद काढून घेतली आणि पातेल्यात रिकामी केली. वर झाकण ठेवलं. झेंडूचं फूल खाली पडलं. श्रीफळ तिने टेबलावर ठेवलं, शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग पातेल्याचे दोन्ही काठ पदराने धरून ते उचललं. जड होतं. काढा हिंदकळून झाकणाखालून ओघळला आणि लाल कापडावर त्याचा एक मोठा गोल उमटला. सुधाकर तिसऱ्या रांगेत उभा राहिला, पण पुढे सरकला नाही. माईंनी हात पुढे करून तिला वाट दिली.

ती मंचाच्या पायऱ्या उतरली, मधल्या वाटेने चालत गेली आणि पातेल्यासकट दाराबाहेर पडली.